रिमोट डेस्कटॉपवर व्हीएम हँग झालं? ‘फोर्स ऑफ’ दाबण्याआधी हे तपासा

घरून व्हीपीएन लावलं, ऑफिसातल्या व्हर्च्युअल मशीनला जोडलं, काम सुरू झालं आणि मध्येच स्क्रीन थिजली. माउस हलतो पण क्लिक लागत नाही. कोपऱ्यातलं घड्याळ दहा मिनिटांपूर्वीचीच वेळ दाखवतंय. नवख्या माणसाचा हात अशा वेळी थेट ‘फोर्स ऑफ’कडे जातो. तो थोडा वेळ आवरा. व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा थिजला म्हणून तो माणूसच थिजला असं आपण मानत नाही. इथेही तुम्ही बघताय ते लांबून आलेलं चित्र आहे. फक्त चित्र थांबलंय की मशीनच थांबलंय, हे आधी ठरवायचं आणि मगच हात लावायचा. मशीन आतून चालू असताना वीज तोडली तर अर्धवट लिहिलेल्या फाइली आणि डेटाबेस यांचं नुकसान होतं, आणि मूळ दुखणं काय होतं याचा मागही पुसला जातो.

उदाहरणासाठी एक नेहमीची मांडणी धरू. होस्ट, म्हणजे ज्यावर व्हीएम चालतं ते खरं मशीन, हा लिनक्स सर्व्हर, त्यावर केव्हीएम आणि लिबव्हर्ट ही व्हीएम चालवणारी सॉफ्टवेअर, सांभाळायला व्हर्ट-मॅनेजर. आत गेस्ट, म्हणजे व्हीएममध्ये चालणारी सिस्टिम, म्हणून विंडोज ११ किंवा उबुंटू. व्हर्च्युअलबॉक्स आणि हायपर-व्हीवाल्यांसाठी वेगळं काय ते पुढे येईल. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

मशीन बघायच्या दोन वाटा

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम होतं. एकाच मशीनची स्क्रीन दोन वेगळ्या वाटांनी बघता येते.

पहिली वाट कन्सोलची. व्हर्ट-मॅनेजरमध्ये मशीनवर डबल-क्लिक केल्यावर उघडते ती खिडकी. हे चित्र होस्टवरचं क्यूएमयू, म्हणजे व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम, स्वतः व्हीएनसी किंवा स्पाइस या स्क्रीन पाठवण्याच्या पद्धतींनी पाठवतं. व्हीएनसीचे पोर्ट ५९०० पासून सुरू होतात. गेस्टचं नेटवर्क बंद असलं तरी कन्सोल दिसतो, कारण कोणी बघतंय याचा गेस्टला पत्ताही नसतो.

दुसरी वाट आरडीपीची (रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल), पोर्ट ३३८९. इथे चित्र पाठवणारा सर्व्हर गेस्टच्या आत चालतो: विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टची रिमोट डेस्कटॉप सेवा, लिनक्समध्ये बहुतेक वेळा एक्सआरडीपी. म्हणजे गेस्टचं नेटवर्क, त्याची ती सेवा आणि त्याचा डेस्कटॉप हे तिन्ही धड असले तरच चित्र पोचतं.

म्हणून पहिली तपासणी अगदी सोपी आहे. आरडीपी थिजलं असेल तर कन्सोल उघडून बघा. विंडोज ११ मध्ये आरडीपीने कोणी जोडलेलं असताना कन्सोलवर लॉक स्क्रीन दिसते. तो बिघाड नव्हे. त्या लॉक स्क्रीनवरचं घड्याळ पुढे सरकतंय का, एवढंच बघायचं. कन्सोल नुसता काळा असेल तर एखादी की दाबा, डिस्प्ले झोपलेला असू शकतो. कन्सोल जिवंत आणि आरडीपी मेलेलं, तर दोष नेटवर्कचा किंवा आरडीपी सेवेचा. दोन्ही थिजलेले, तर खालच्या थरात उतरायचं.

नाडी बघा

तुमच्या लॅपटॉपवरून गेस्टला पिंग (‘आहेस का?’ असं विचारणारं छोटं पॅकेट) लावून ठेवा. उत्तर येत नसेल तर लगेच निष्कर्ष काढू नका, विंडोजचा फायरवॉल पिंगला बहुधा उत्तरच देऊ देत नाही. त्याऐवजी पॉवरशेलमधल्या ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ने ३३८९ पोर्ट उघडा आहे का ते बघा. लिनक्स गेस्ट असेल तर एसएसएचने, म्हणजे लांबून आज्ञा चालवायच्या टर्मिनलने, आत शिरता येतं का ते बघा. पिंगला कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, उत्तर देतं, त्यामुळे डेस्कटॉप पार कोलमडलेला असतानाही पिंग छान चालू राहू शकतं. एसएसएच लागलं, आज्ञा चालल्या, तर मशीन ठणठणीत आहे आणि भानगड फक्त चित्राची आहे. एसएसएच पासवर्ड विचारून मग अडकत असेल तर संशय डिस्कवर घ्या.

विंडोज गेस्टवरही ओपनएसएसएच सर्व्हर बसवून ठेवा असं मी आग्रहाने सांगेन. विंडोजचा तो पर्यायी घटक आहे, सेटिंग्जमधून बसतो. मागचा दरवाजा असला की निम्म्या वेळा मशीन रीस्टार्ट करायची पाळीच येत नाही.

होस्टला विचारा: मशीन कुठल्या अवस्थेत आहे?

‘व्हर्श’ ही लिबव्हर्टची आज्ञा. होस्टवर ‘व्हर्श लिस्ट --ऑल’ चालवा. मशीनसमोर रनिंग, पॉज्ड, पीएमसस्पेंडेड किंवा शट ऑफ असं काहीतरी दिसेल. मग ‘व्हर्श डोमस्टेट’, मशीनचं नाव आणि शेवटी ‘--रीझन’. याने अवस्थेचं कारणही कळतं. ही एक आज्ञा फार मोलाची आहे, आणि नवखे लोक नेमकी तीच विसरतात.

समजा ‘पॉज्ड’ आणि कारण ‘आय-ओ एरर’ असं आलं. याचा अर्थ बहुतेक वेळा होस्टची डिस्क भरली. गेस्टची डिस्क होस्टवर क्यूकाऊ२ प्रकारच्या फाइलीत असते आणि ही फाइल गरजेप्रमाणे फुगत जाते. तुम्ही गेस्टला १०० जीबीची डिस्क दिलीत तरी सुरुवातीला होस्टवर ती थोडीशीच जागा घेते. अशा चार-पाच मशीनना मिळून होस्टकडे आहे त्याहून जास्त जागा कबूल करून बसलात, की एके दिवशी ‘/व्हार/लिब/लिबव्हर्ट/इमेजेस’ हे फोल्डर ज्या पार्टिशनवर आहे ते काठोकाठ भरतं. गेस्ट लिहायला जातो, जागा नसते. अशा वेळी क्यूएमयू गेस्टला त्रुटी कळवत बसत नाही, मशीनच जागच्या जागी थांबवतं. हे वागणं शहाणपणाचं आहे: गेस्टला आपण थांबलो होतो हे कळतही नाही, आणि अडकलेलं लिखाण जागा मिळाल्यावर पुन्हा केलं जातं. ‘डीएफ -एच’ने भरलेलं पार्टिशन शोधा, जुन्या आयएसओ फाइली, लॉग, नको असलेले बॅकअप काढा आणि ‘व्हर्श रिझ्यूम’ करा. स्क्रीन जिथे थांबली होती तिथून पुढे चालू लागते.

जागा करताना एक धोका आहे. तारीख जुनी दिसते म्हणून कुठलीही क्यूकाऊ२ फाइल उडवू नका. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपलेली अवस्था) घेतलेल्या मशीनची नवी फाइल जुन्या फाइलवर उभी असू शकते. खालची गेली की वरची निरुपयोगी. आधी ‘क्यूएमयू-आयएमजी इन्फो’ला ‘--बॅकिंग-चेन’ जोडून कोण कोणावर उभं आहे ते बघा. मशीन चालू असेल तर ‘-यू’ही जोडावं लागतं, नाहीतर फाइलला कुलूप असल्याची तक्रार येते.

‘पीएमसस्पेंडेड’ आलं तर प्रकरण हलकं आहे: गेस्ट झोपला. ‘व्हर्श डोमपीएमवेकअप’ने उठवा आणि गेस्टच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करून टाका. सर्व्हरवर राहणाऱ्या मशीनला झोप कशाला हवी?

‘शट ऑफ’ आलं आणि कोणीच बंद केलेलं नसेल, तर होस्टची मेमरी संपून कर्नलने क्यूएमयूचा बळी दिला असण्याची शक्यता मोठी. ‘डीमेसेज’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ची ओळ शोधा. सगळी रॅम गेस्टना वाटून होस्टला उपाशी ठेवू नये.

आणि ‘रनिंग’ आहे, तरी हलत नाही? मग होस्टवर ‘टॉप’ लावून त्या मशीनची क्यूएमयू प्रोसेस बघा. चार व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) दिलेल्या मशीनची प्रोसेस ४०० टक्क्यांच्या आसपास चिकटली असेल तर गेस्टच्या आत काहीतरी गरगरतंय: अपडेट, अँटिव्हायरस, अडकलेला ड्रायव्हर. आकडा शून्याजवळ असेल आणि प्रोसेसची अवस्था ‘डी’ दिसत असेल, तर ती डिस्कची वाट बघतेय. डिस्क एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या दुसऱ्या सर्व्हरवर, असेल आणि तो सर्व्हर गेला असेल तर असंच दिसतं, आणि अशी प्रोसेस ‘किल’ करूनही बहुधा मरत नाही. आधी स्टोरेज परत आणा. रॅम संपून होस्ट स्वॅपमध्ये (डिस्कवरच्या राखीव जागेत) गेलाय का तेही ‘फ्री -एच’ने बघून घ्या.

लॉगिन होतं, आणि मग काळोख

आता नेटवर्क. या दुखण्याचं एक लक्षण इतकं ठरलेलं आहे की त्यावरूनच निदान करता येतं: आरडीपीची पासवर्डची चौकट येते, पासवर्ड घेतला जातो, आणि डेस्कटॉप यायच्या ऐवजी काळी किंवा अर्धवट रंगलेली स्क्रीन अडकून राहते. ऑफिसच्या लॅनवर मात्र सगळं सुरळीत. अशा वेळी पहिला संशय एमटीयूवर, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकारावर.

लॉगिनचे निरोप छोटे असतात, ते कसेही पोचतात. डेस्कटॉपचं चित्र मात्र पूर्ण आकाराच्या पॅकेटांतून येतं. वाटेत कुठे त्या आकाराला जागा नसेल, तर तिथला राउटर ‘पॅकेट लहान करा’ असा आयसीएमपी निरोप परत पाठवतो. पण काही ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली सगळंच आयसीएमपी बंद केलेलं असतं. मग मोठी पॅकेटं मुकाट गायब होतात, दोन्ही टोकं एकमेकांची वाट बघत बसतात आणि तुम्हाला थिजलेली स्क्रीन दिसते.

मोजून बघा. व्हीपीएन बंद असताना विंडोजवरून बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला ‘पिंग -एफ -एल १४७२’ करा. लिनक्सवर तेच ‘पिंग -एम डू -एस १४७२’. १४७२ मध्ये २८ बाइटचे हेडर मिळवले की १५०० होतात, म्हणजे साध्या इथरनेटची मर्यादा. बीएसएनएलच्या फायबरसारखी पीपीपीओईवरची (युजरनेम-पासवर्ड देऊन जोडायची) जोडणी असेल तर त्यातले ८ बाइट आधीच खर्च होतात, एमटीयू १४९२ उरतो आणि पिंग १४६४ पर्यंतच जातं.

त्यावर व्हीपीएन चढतं. वायरगार्ड या व्हीपीएनचा ठरलेला एमटीयू १४२० आहे, कारण आयपीव्ही६ वरून जाताना त्याचे स्वतःचे ८० बाइट लागतात. आता गणित करा: १४९२ मधून ८० गेले की १४१२ उरतात. पीपीपीओई आणि आयपीव्ही६ एकत्र आले की ठरलेला १४२० नेमका ८ बाइटनी जास्त होतो. वायरगार्डच्या कॉन्फिगमध्ये, इंटरफेस विभागात, एमटीयूची ओळ घालून १२८० लिहा आणि पुन्हा जोडा. हँग होणं थांबलं तर दोषी सापडला. मग आकडा हळूहळू वाढवत सोयीच्या ठिकाणी थांबा. १२८० हा आयपीव्ही६ चा किमान आकार आहे, म्हणून तपासणीला तोच बरा.

दुसरी नेटवर्कची भानगड यूडीपीची, म्हणजे पोच न मागता पॅकेटं पाठवण्याच्या पद्धतीची. २०१२ च्या आरडीपी ८ पासून पोच घेणाऱ्या टीसीपीच्या जोडीला यूडीपीही वापरलं जातं. चित्र त्यामुळे चपळ येतं, पण काही व्हीपीएन आणि फायरवॉल यूडीपी नीट सांभाळत नाहीत. पूर्ण स्क्रीनमध्ये वर जी पट्टी येते, तिच्यातल्या सिग्नलच्या चिन्हावर क्लिक केलंत की यूडीपी चालू आहे का ते कळतं. बंद करून बघायचं तर तुमच्याच लॅपटॉपवर, म्हणजे क्लायंटवर, ग्रुप पॉलिसी उघडा: कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, रिमोट डेस्कटॉप कनेक्शन क्लायंट. तिथे ‘टर्न ऑफ यूडीपी ऑन क्लायंट’ एनेबल करा.

खरंच काम करताना नाही, पण थोडा वेळ हात थांबवला की स्क्रीन थिजते? मग वाटेतल्या राउटरने शांत पडलेली जोडणी विसरून टाकली असणार. वायरगार्डमध्ये पिअर विभागात ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा.

आणि सगळं उलटंपालटं करण्याआधी अपडेटचा इतिहास बघा. २०२५ च्या फेब्रुवारीतलं केबी५०५१९८७ हे अपडेट विंडोज सर्व्हर २०२५ वर बसलं, की आरडीपी जोडल्यावर थोड्याच वेळात सत्र थिजायचं, माउस-कीबोर्ड काहीच लागायचं नाही, आणि तोडून पुन्हा जोडावं लागायचं. मायक्रोसॉफ्टने दोष मान्य केला आणि एप्रिलमधल्या केबी५०५५५२३ मध्ये दुरुस्ती दिली. अशा वेळी तुमचा एमटीयू कितीही अचूक असला तरी उपयोग शून्य. ‘कालपर्यंत चालत होतं’ असं वाक्य तोंडात आलं, की काल काय बसलं ते आधी शोधा.

चित्र रंगवणारा थर

मशीन जिवंत, नेटवर्क धड, तरी डेस्कटॉप अडकतो. मग डिस्प्लेकडे वळा.

विंडोज गेस्टमध्ये आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडे प्रोग्रॅम तसेच राहतात. आरडीपीची खिडकी पूर्ण स्क्रीनवर नसेल तर हा आदेश तुमच्याच लॅपटॉपला लागेल, एवढं ध्यानात ठेवा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटचं काम आरडीपीत कंट्रोल-ऑल्ट-एंडने होतं. टास्क मॅनेजर उघडला आणि डीडब्ल्यूएम, म्हणजे डेस्कटॉप रंगवणारी प्रोसेस, सीपीयू खाताना दिसली, तर गेस्टच्या ग्रुप पॉलिसीत, रिमोट सेशन एन्व्हायर्न्मेंटखाली, आरडीपीसाठी डब्ल्यूडीडीएम डिस्प्ले ड्रायव्हर वापरण्याची पॉलिसी डिसेबल करून मशीन रीस्टार्ट करा. काळ्या स्क्रीनच्या बऱ्याच तक्रारी इतक्यावर मिटतात.

कन्सोलवरून काम करणाऱ्यांनी व्हिडिओ मेमरीचा हिशेब करावा. क्यूएक्सएल या आभासी ग्राफिक्स कार्डाची फ्रेमसाठीची मेमरी मुळात १६ एमबी असते. २५६० बाय १६०० ची स्क्रीन, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे साधारण १६४ लाख बाइट, जेमतेम मावते. ३८४० बाय २१६० ला मात्र सुमारे ३३२ लाख बाइट लागतात. नवा ४के मॉनिटर लावला आणि त्याच दिवसापासून त्रास सुरू झाला, यात मग नवल नाही. मशीन बंद करून मेमरी वाढवा, किंवा रिझोल्यूशन उतरवा. लिनक्स गेस्ट असेल तर व्हिडिओ मॉडेल सरळ व्हर्टिओ करा. तपासणी चालू असेपर्यंत ३डी अ‍ॅक्सेलरेशन आणि खिडकीप्रमाणे स्क्रीनचा आकार आपोआप बदलण्याची सोय, दोन्ही बंद ठेवा.

एक्सआरडीपीवाल्या उबुंटूचा एक ठरलेला घोळ: तोच युजर कन्सोलवर लॉगिन असताना आरडीपीने यायला गेला की काळी स्क्रीन मिळते. ‘लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स’ने बघा, जुनं सत्र बंद करा, पुन्हा या. उबुंटूच्या ग्नोम डेस्कटॉपला व्हीएममध्ये खऱ्या ग्राफिक्स कार्डाची साथ नसते, सगळं रंगकाम सीपीयूच्या माथी पडतं. माझं स्पष्ट मत: रिमोट कामासाठी ग्नोमच्या जागी एक्सएफसीई वापरा. दिसायला साधं आहे, पण अडकत नाही.

सामायिक क्लिपबोर्ड, ड्राइव्ह आणि प्रिंटर हे छुपे रुस्तम आहेत. आरडीपी क्लायंटच्या ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये सगळ्या खुणा काढा आणि जोडून बघा. त्रास गेला तर एकेक परत लावा. फक्त कॉपी-पेस्ट अडकत असेल तर टास्क मॅनेजरमधून आरडीपीक्लिप बंद करून पुन्हा चालू केलं की पुरतं.

रोज ठरावीक वेळी थिजत असेल तर

मग बॅकअपचं वेळापत्रक काढा. बॅकअप घेताना गेस्टच्या आत चालणाऱ्या गेस्ट एजंटकडून फाइलसिस्टिम क्षणभर गोठवली जाते. ती परत मोकळी झाली नाही तर विचित्र दृश्य दिसतं: पिंग चालू, माउस हलतोय, पण फाइल सेव्ह करायला गेलात की तो प्रोग्रॅम लटकतो. होस्टवरून ‘व्हर्श डोमएफएसथॉ’ चालवा. मेमरीसकट स्नॅपशॉट घेतानाही मशीन थांबू शकतं. १६ जीबी रॅम हळू डिस्कवर लिहायची म्हणजे वेळ जाणारच. तो वेळ जाऊ द्या.

व्हर्च्युअलबॉक्स आणि हायपर-व्ही

विंडोज होस्टवर व्हर्च्युअलबॉक्स चालवताना खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं, तर विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही मागे चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या हाताखाली काम करावं लागतंय. संथपणा आणि अडकणं तिथूनच येतं. व्हर्च्युअलबॉक्सचा स्वतःचा आरडीपी सर्व्हर एक्स्टेंशन पॅकसोबत येतो आणि तो गेस्टच्या बाहेर चालतो, म्हणजे नाव आरडीपी असलं तरी वाट कन्सोलचीच. तोही मुळात ३३८९ च मागतो. विंडोज होस्टवर आरडीपी आधीच चालू असेल तर त्याला वेगळा पोर्ट द्या.

हायपर-व्हीमध्ये ‘व्ह्यू’ मेनूतलं एन्हान्स्ड सेशन बंद करा. साध्या सत्रात मशीन हलत असेल तर दोष एन्हान्स्ड सेशनचा, म्हणजे पुन्हा आरडीपीचाच.

काहीच चाललं नाही तर, या क्रमाने

आरडीपीची खिडकी बंद करून पुन्हा जोडा. साइन आउट करू नका, सत्र आत तसंच राहतं. जमलं नाही तर एसएसएचने आत जाऊन लिनक्सवर एक्सआरडीपी सेवा रीस्टार्ट करा. विंडोजवर ‘क्वेरी सेशन’ने अडकलेल्या सत्राचा आकडा काढा आणि ‘लॉगऑफ’ करा. यात सेव्ह न केलेलं काम जाईल.

यानंतर मशीन बंद करायची वेळ. त्याआधी ‘व्हर्श स्क्रीनशॉट’ने कन्सोलचं चित्र घेऊन ठेवा आणि ‘/व्हार/लॉग/लिबव्हर्ट/क्यूएमयू’मधली मशीनच्या नावाची लॉग फाइल बाजूला काढा. मग ‘व्हर्श शटडाउन’ आणि पाच मिनिटं वाट. तरीही ढिम्म असेल तर ‘व्हर्श डिस्ट्रॉय’. नाव भयंकर आहे, पण ते फक्त वीज तोडतं, डिस्क पुसत नाही. जपायचं ते ‘अनडिफाइन’पासून: त्याने मशीनची नोंदच जाते, आणि सोबत ‘--रिमूव्ह-ऑल-स्टोरेज’ लावलंत तर डिस्कही.

मशीन परत उठलं की विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये टर्मिनलसर्व्हिसेस-लोकलसेशनमॅनेजरचा ऑपरेशनल लॉग आणि लिनक्समध्ये ‘जर्नलसीटीएल -बी -१’, म्हणजे मागच्या बूटची नोंद, थिजलेल्या वेळेच्या आसपास वाचा. अ‍ॅडमिनला कळवायचं असेल तर ‘हँग होतंय’ एवढंच लिहू नका. कन्सोल हलत होता का, डोमस्टेटने काय कारण दिलं, किती आकाराचं पिंग गेलं आणि किती वाजता थिजलं, या चार गोष्टी लिहा.